राणी पेला विसळते

आमच्या घरातल्या छोट्या खोलीत पुण्याची एक मुलगी भाड्याने राहते. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात ती पीएचडी करते. हे ऐकलं की आपली माणसं लगेच विचारतात, "कशात? मेकॅनिकल की ऑटोमोबाईल?" मराठी माणूस या गावात गाड्यांशिवाय दुसऱ्या कशासाठी आला असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ती म्हणते, "अँग्लो-सॅक्सन वीरकाव्य." यावर समोरचा विचारतो, "बरं, मग जेवणाचं काय करतेस?"

जेवणाचं ती आमच्याकडेच करते. आल्या आल्या मला काकू म्हणाली होती. मी म्हटलं, "वहिनी म्हण, नाहीतर पोळी मिळायची नाही." तेव्हापासून मी वहिनी आणि आमचे हे दादा. हे इथल्या एका इंडियन रेस्टॉरंटात तंदूरवर आहेत. बटर चिकन न खाणाऱ्या माणसाने आयुष्यभर बटर चिकन करावं, हे त्यांच्या नशिबात होतं. पण त्याच नशिबाने आम्ही इथे आलो, नळाला गरम पाणी आलं, मुलीला शाळा मिळाली. मी सकाळी उठल्या उठल्या मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानते आणि मग दिवसभर घाबरत राहते, की हे सगळं कुणीतरी परत मागेल.

माझी शाळा आठवीत सुटली. सिन्नरच्या एसटी स्टँडाबाहेर वडिलांचा चहाचा गाडा होता. आई आजारी पडली आणि कपबशा विसळायला हात कमी पडले. तात्पुरतं म्हणून सुटली ती सुटलीच. त्यामुळे घरात कुणी रोज संध्याकाळी हजारेक वर्षांपूर्वीच्या काव्यावर बोलतंय, आणि तेही माझ्याशी बोलतंय, याचं मला फार अप्रूप होतं. ती म्हणायची, "तुम्हाला सांगितलं की मला स्वतःला कळतं." हे कौतुक आहे की काय आहे, ते मी विचारलं नाही. पोळ्या लाटत ऐकायचे.

"तर वहिनी, तो वीर समुद्र ओलांडून परक्या राजाच्या किनाऱ्यावर उतरतो. लगेच पहारेकरी आडवा येतो. कोण तू, कुणाचा मुलगा, कुठून आलास, कशासाठी आलास?"

"म्हणजे आउसलेंडरबेहोर्डे," मी म्हटलं. व्हिसासाठी आम्हा परदेशी माणसांना जिथे जाऊन बसावं लागतं, ते ऑफिस.

"गेनाऊ! अगदी तेच!"

"टेर्मिन घेतलं होतं का त्याने?" यांनी ताटावरून मान वर न करता विचारलं. "आधी वेळ घेतलेली नसेल तर परत पाठवतात."

मग तिने सांगितलं, की ते लोक मुळात इथलेच. या उत्तरेकडच्या सखल किनाऱ्यावरून, एल्बे नदी समुद्राला मिळते तिथून, सॅक्सन आणि त्यांचे शेजारी होड्यांत बसून ब्रिटनला गेले. रोमन सैन्य तिथून निघून गेलं होतं. कुणी लुटायला गेले, कुणी भाडोत्री शिपाई म्हणून, कुणी बायकामुलं घेऊन नुसती शेती करायला. तिथेच राहिले, भाषा तिथे रुजली, काव्यं तिथे झाली. पण काव्यातले वीर बघावेत तर बहुतेक सगळे समुद्राच्या या बाजूचे. कुणी डेन्मार्कचा, कुणी स्वीडनकडचा, कुणी ऱ्हाईनकाठचा.

"म्हणजे राहायचं तिकडे आणि गोष्टी सांगायच्या इकडच्या?" मी विचारलं.

"शेकडो वर्षं, वहिनी."

"मग ते महाराष्ट्र मंडळच की गं."

ती इतकी हसली की माझी तव्यावरची पोळी करपली. म्हणाली, "हे मी प्रबंधात घालू का?" मी म्हटलं, "घाल, पण माझं नाव नको. उगाच कुणीतरी विचारायला यायचं."

मला त्या वीरांची एकच गोष्ट पटायची नाही. राजाच्या लांबलचक दिवाणखान्यात मेजवानी चालू असते. राणी पेला घेऊन येते. वीर उठतो, पेला हातात घेतो आणि सगळ्यांसमोर सांगतो, मी अमक्याचा मुलगा, मी हे हे केलं आणि उद्या मी ते करीन, नाहीतर मरेन.

"स्वतःच्या तोंडाने?" मी म्हटलं. "आपण त्याला टिमकी वाजवणं म्हणतो."

"टिमकी नाही ती, शपथ आहे. एकदा चारचौघांत बोललं की मागे फिरता येत नाही. बोललेलं न करणं हे त्यांच्यात मरणाहून वाईट."

"आपल्याकडे बरं आहे," हे म्हणाले. "आपण म्हणतो, बघू, जमलं तर येतो. समोरच्याला कळतं की हा येणार नाही. कुणी मरत नाही."

या सगळ्यातून मला नोकरी मिळायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या गावात जुन्या धान्याच्या कोठारात एक लहानसं संग्रहालय आहे. आसपासच्या शेतांत सापडलेल्या सॅक्सन वस्तू तिथे ठेवल्या आहेत. भाल्याची टोकं, काचेचे मणी, आणि मेलेल्या माणसांच्या अस्थी ठेवायचे मातीचे कलश. आमची ही भाडेकरू संशोधक तिथे सुट्टीच्या दिवशी लोकांना माहिती सांगते. कोठाराच्या टोकाला कॉफीची खोली आणि स्वयंपाकघर आहे, तिथे कपबशा आणि केक सांभाळायला बाई हवी होती. हिने माझं नाव सांगितलं. संग्रहालय चालवणाऱ्या बाईंनी मला प्रोबेआरबाइटला बोलावलं, म्हणजे आधी काही दिवस काम करून दाखवा, मग ठरवू. उन्हाळी मेजवानी झाली की ठरवू, असं त्या म्हणाल्या.

बाई साठीच्या, ताडासारख्या उंच. कमी बोलायच्या. चांगलं झालं तर काही बोलायच्या नाहीत, आणि वाईट झालं तरी काही बोलायच्या नाहीत. त्यामुळे मला रोज वाटायचं, आज वाईट झालं.

मला ती नोकरी का हवी होती तेही सांगते. मुलीच्या शाळेत पालकांची सभा असते. सगळे गोल बसतात आणि एकेक जण नाव आणि काम सांगतो. माझी पाळी आली की मी नाव सांगायचे आणि पर्स उघडून काहीतरी शोधायला लागायचे. माझं काम सुरू झालं त्याच आठवड्यात आमच्या मुलीने वर्गात उभं राहून जाहीर केलं, "माझी आई म्यूझियममध्ये काम करते." जर्मनमध्ये, ठणठणीत आवाजात. मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं.

"अगं, अजून ठरलं नाहीये!" मी तिला म्हटलं.

"या, मामा," ती म्हणाली, म्हणजे हो गं आई, आणि खेळायला गेली. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते.

आमची संशोधक म्हणाली, "वहिनी, शपथ बोलून झालीय. तुमच्या वतीने तिने घेतली. आता पाळायला तुम्ही."



उन्हाळी मेजवानी म्हणजे संग्रहालयाची वार्षिक हौस. तिथल्या मंडळाची माणसं लोकरीचे अंगरखे घालून कोठारात लांब टेबलांना बसतात, गावातली कुटुंबं मुलाबाळांसह येतात. कुणी राजा होतं. आमची संशोधक उभी राहून जुन्या चालीत काव्य म्हणते आणि राणी पेला फिरवते. मुलं असतात म्हणून पेल्यात मधाची दारू नसते, सफरचंदाचा रस असतो, त्यात मध. "शूरवीर सफरचंदाचा ज्यूस पिऊन लढायला जायचे होय?" हे विचारत होते. दरवर्षी राणी होणाऱ्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कराल?" मी म्हटलं, "या, गेर्ने." आनंदाने. मी कशालाही गेर्नेच म्हणते. काय विचारलं होतं ते घरी आल्यावर कळलं.

"एकच पेला?" मी विचारलं.

"एकच."

"सगळ्यांना?"

"तीच तर गंमत आहे, वहिनी. आधी राजा, मग वडीलधारे, मग पाहुणे. एका पेल्यातून प्यायले की ते एकमेकांचे झाले. आणि पेला नाकारला तर मैत्री नाकारली."

"अगं, उष्टं?"

"त्यांच्यात उष्टं नव्हतं."

"म्हणूनच सारखे लढत असतील," हे म्हणाले.

मी मनाशी ठरवलं, आपलं काय जातं, लोकांचं उष्टं लोक पितील. आपण नुसता पेला धरायचा. आरशासमोर सरावही केला. राजाकडे जायचं, मान झुकवायची, पेला द्यायचा, घ्यायचा, पुढच्याकडे. यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

मेजवानीच्या दिवशी मला पायघोळ झगा घातला, खांद्यावर पितळी पिना लावल्या आणि कमरेला पत्र्याच्या किल्ल्या अडकवल्या. सॅक्सन घरधनीण किल्ल्या कमरेला लावायची म्हणे. माझी आत्याही लावायची. तेवढ्याने जरा धीर आला. कोठार भरलं होतं. यांनी रेस्टॉरंटातून सुट्टी घेतली होती, ते मुलीला घेऊन शेवटच्या टेबलाशी बसले होते. बाई दुसऱ्या टोकाला सरळ बसल्या होत्या. आमच्या संशोधकाने काव्य सुरू केलं. मी राजाकडे गेले. राजा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, रिटायर्ड पोस्टमास्तर, छातीपर्यंत दाढी. त्यांनी पेला उचलला, मिशा रसात बुडवल्या, घटाघटा प्यायले, दाढी पुसली आणि पेला मला परत दिला.

आणि मी स्वयंपाकघरात गेले.

ठरवून नाही गेले. वापरलेला कप हातात आला की पाय बादलीकडे वळतात, मध्ये डोकं येत नाही. गाड्यावर तेच तर केलं मी. नळ सोडला, पेला घासला, पुसला, भरला, बाहेर आले आणि दुसऱ्याला दिला. तो प्यायला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघतायत.

इथे थांबता आलं असतं. पण विचार करा. राजाला स्वच्छ पेला, दुसऱ्यालाही स्वच्छ पेला, आणि तिसऱ्याने काय पाप केलं? पंगतीत दोघांना तूप वाढून तिसऱ्याला कोरडा भात कसा वाढायचा? मी परत स्वयंपाकघरात गेले. मग चौथ्याचं आलं. मग वडीलधारे संपून पाहुण्यांची रांग आली.

आमच्या संशोधकाचं काव्य कधीच संपलं होतं. तिने ते पुन्हा सुरू केलं. तेही संपलं. मग ती राजांच्या वंशावळी म्हणायला लागली, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका. आत बाहेर करताना मला नुसते 'चा मुलगा' ऐकू यायचे. टेबलांवरच्या सुपावर साय धरायला लागली होती. हे नॅपकिनमागे तोंड लपवून बसले होते आणि खांदे हलत होते.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली. "मामा, डी वार्टेन आल्ले!" सगळे खोळंबलेत.

"दिसतंय मला," मी म्हटलं. "थोडेच राहिलेत."

तिने कपाळाला हात लावला. हा हावभाव मात्र शुद्ध मराठी होता.

शेवटचा मान बाईंचा. त्या उठून उभ्या राहिल्या, शांतपणे प्यायल्या. मी पेला घ्यायला हात पुढे केला. पण त्यांनी पेला सोडला नाही. रस शिल्लक होता. "आता तुम्ही," त्या म्हणाल्या. "शेवटचा घोट राणीचा. मग ती काहीतरी बोलते."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी संशोधकाकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

मी हळूच स्वयंपाकघराकडे वळायला लागले. बाई म्हणाल्या, "नाही. इथेच."

पेला नाकारला तर मैत्री नाकारली. मैत्री गेली म्हणजे कॉफीची खोली गेली. आणि वर्गात उभं राहून सांगितलेलं खोटं ठरणार होतं. माझी मुलगी बाकावर गुडघे टेकून, मान उंच करून बघत होती. पेल्याच्या काठावर बाईंच्या ओठांची ओल मला दिसत होती.

मी पेला घेतला. मान मागे टाकली, पेला वर, चांगला हातभर वर उचलला, आणि ओतला. धार थेट तोंडात. काठ ओठाला लागला नाही, थेंब झग्यावर पडला नाही. आमच्या स्टँडावर पाण्याचा तांब्या सगळा गाव असाच प्यायचा, त्यात विशेष काही नाही. पण कोठारात सगळ्यांच्या माना माझ्याबरोबर मागे गेल्या होत्या. मग कुणीतरी टेबलावर मुठीने ठोकलं, मग सगळे ठोकायला लागले. इथे टाळ्यांऐवजी असं ठोकतात, हे मला तेव्हा आठवेना. मला वाटलं, चिडले.

आता बोलायचं होतं. मला जर्मनमध्ये बोलायचं म्हटलं की शब्द पळून जातात. पण त्या वीरांचं बोलणं मी इतक्या पोळ्या लाटताना ऐकलं होतं, की निदान क्रम पाठ होता. बाप, केलेलं काम, पुढचं काम.

"मी चहावाल्याची मुलगी," मी म्हटलं. "सिन्नरची. आठवीनंतर शाळा नाही. वडिलांच्या गाड्यावर कप धुतले. खूप. मग समुद्र ओलांडून आले." आणि खोटं नको म्हणून पुढे जोडलं, "विमानाने."

लोक हसले. मला धीर आला. उष्ट्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला अजूनही माहीत नाही, म्हणून लांबण लावली, "दुसऱ्याचं तोंड लागलेल्या कपातून या घरात कुणी पिणार नाही. मी इथे आहे तोवर."

शेवटचे शब्द तोंडातून गेले आणि मग लक्षात आलं, की मी इथे आहे की नाही तेच तर ठरायचं होतं.

बाई म्हणाल्या, "ते किती दिवस, ते सोमवारी बोलू." आणि खाली बसून थंड सूप प्यायला लागल्या.

बसमधून घरी येताना सगळा वेळ हेच बोलत होते. "काय राणी, घरी पण असंच करायचं का आता? मी एकेक घास खातो, तू ताट धुऊन आण." बस स्टॉपवर उतरल्यावर मी आमच्या संशोधकाला म्हटलं, "तुझं नाक कापलं ना मी? तुझ्या शब्दावर घेतलं होतं त्यांनी."

"नाक सोडा वहिनी," ती म्हणाली, "माझे राजे संपले. शेवटी शेवटी मी एका राजाला स्वतःचाच आजोबा केला. कुणाच्या लक्षात नाही आलं."

सोमवारी बाईंनी ऑफिसात बोलावलं. बसायला सांगितलं. मी बसले नाही, आभार मानून लवकर निघायचं ठरवून गेले होते. आतापर्यंत संधी दिलीत, फार उपकार झाले, असं जर्मनमध्ये पाठ केलं होतं. त्याआधीच बाई म्हणाल्या, "सूप थंड झालं."

"हो."

"पुढच्या वर्षी दोन पेले घ्या. एक फिरेल तोवर दुसरा धुऊन होईल." आणि टेबलावरून एक किल्ली माझ्याकडे सरकवली. खरी, पोलादी, स्वयंपाकघराच्या दाराची. "सकाळी दार तुम्ही उघडायचं."

मी डांके म्हटलं, म्हणजे आभार. पुन्हा म्हटलं. बाईंनी हात वर करून थांबवलं, तेव्हा थांबले. किल्लीचा अर्थ लगेच कळला, पण 'पुढच्या वर्षी' हे शब्द बस स्टॉपवर पोचल्यावर ऐकू आले, आणि मी तिथल्या बाकावर बसून घेतलं. एक बस तशीच जाऊ दिली.

मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "इश हाब्स डोख गेझाग्ट." मी सांगितलंच होतं की. आणि पुन्हा खेळायला गेली.

हे इथेच संपलं असतं. पण शरद ऋतूत एका संध्याकाळी आमची संशोधक लालबुंद होऊन घरी आली. दप्तर आपटलं.

"वहिनी, आज पोस्टमास्तर शाळेच्या मुलांना काय सांगत होते माहितीय? प्राचीन सॅक्सन लोकांत म्हणे प्रत्येक वीरानंतर राणी पेला धुऊन आणायची. आदराची खूण! मी त्यांना बाजूला घेतलं, म्हटलं, हे खोटं आहे, कुठल्याच काव्यात नाही. तर म्हणतात, भारतातल्या बाईंनी केलं म्हणजे नक्की काहीतरी फार जुनं असणार."

हे हसून हसून खुर्चीवरून घसरले. मी मात्र घाबरले. "मी इतिहास बिघडवला का गं? बाईंना जाऊन सांगू? किल्ली परत घेतील का?"

माझं तोंड बघून तिचा राग उतरला. "नाही घेणार. आणि तुम्ही पहिल्या नाही आहात. ज्यांनी ती काव्यं लिहून ठेवली ते ख्रिस्ती धर्माचे लोक होते. त्या जुन्या वीरांच्या तोंडी त्यांनी आपला देव घातला असणार. यातलं आधीचं काय, नंतरचं काय, यावर आमची माणसं अजून भांडतात."

"आता उष्ट्यावर भांडतील," हे म्हणाले.

"तू लिही की प्रबंधात खरं काय ते," मी म्हटलं.

"लिहीन. वाचणार कोण? मुलं पोस्टमास्तरांचं ऐकतात." ती खुर्चीत बसली. "वहिनी, चहा."

मी चहा दिला. दोन घोट घेतल्यावर तिला बरं वाटलं असावं, कारण तिने कप शेजारी बसलेल्या आमच्या मुलीपुढे धरला. "घे गं, गोड आहे."

मुलीने कपाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि या घरात मराठीत कधी उत्तर न दिलेली माझी मुलगी नाक मुरडून म्हणाली, "उष्टं आहे ते."